दुसरीच्या नावाची फीत

हॉलमधलं लोखंडी कपाट रिकामं करून द्या, असा निरोप फादरांनी चर्चमधल्या रविवारच्या मिस्सेनंतर दिला, तेव्हा मला आधी रागच आला. किल्ली माझ्याकडे आहे हे साऱ्या पॅरिशला ठाऊक होतं आणि मीच तेवढी विसरून गेले होते. फादर तरुण आहेत, दक्षिणेकडचे, मराठी जपून बोलतात. "आंटी, घाई नाही. ईस्टरच्या आधी हॉलला रंग द्यायचा आहे, एवढंच." घाई नाही असं म्हणणारा माणूस आपल्याला फार तर आठ दिवस देतो, हे या वयात मला कुणी शिकवायला नको.

सोमवारी दुपारी गेले. जळगावात मार्च अखेरीला दुपारी घराबाहेर पडणं हा शुद्ध वेडेपणा आहे, पण सकाळी गुडघे उठू देत नाहीत आणि संध्याकाळी हॉलमध्ये गाण्याची तालीम असते. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. डाळ मिलच्या बाजूनं वाऱ्याबरोबर तूरडाळीच्या सालपटांचा वास येत होता. लहानपणी हा वास मी चर्चचाच समजायचे. उदाचा एक वास आणि डाळीचा एक, दोन्ही मिळून रविवार.

कपाट कुरकुरत उघडलं. डांबराच्या गोळ्या, वितळून एकमेकींना चिकटलेल्या मेणबत्त्या, बँडेजची भेंडोळी, नाताळची चांदणी, 'महिला संघ' असं कोरलेले स्टीलचे पेले. आणि खालच्या कप्प्यात बिस्किटांचा पत्र्याचा डबा. डबा हातात घेतल्यावर आत काय आहे ते झाकण काढायच्या आधीच हातांना कळलं. फितींना वजन नसतं, पदकं तेवढी वाजतात.

आमच्या महिला संघात नाव घातलं की बाईला एक निळी फीत मिळायची. दोन बोटं रुंद, टोकाला मरियामातेचं लहानसं पदक. महिन्याच्या पहिल्या शनिवारी मिस्सेला ती गळ्यात घालायची आणि मिस्सा झाली की परत डब्यात ठेवायची. सगळ्या फिती एकसारख्या, म्हणून प्रत्येकीनं उलट्या बाजूला लाल दोऱ्यानं आपलं नाव काढलेलं असे. बाई वारली की तिची फीत तिच्या गळ्यात घालून तिच्याबरोबर पेटीत जायची. तेव्हा डब्यात फीत आहे म्हणजे बाई या जगात कुठेतरी आहे, असा आमचा सरळ हिशोब होता.

डब्यात पाच फिती होत्या. तिघीजणी आम्ही इथल्या, एक मुलीकडे नाशिकला गेलेली. पाचवी उलटून बघितली. रंग उडालेल्या लाल दोऱ्यात नाव होतं, एलिझाबेथ.

एलिझाबेथबाईंना जाऊन चाळीस वर्षं होत आली. त्यांच्या गळ्यात फीत मी माझ्या हातांनी बांधली होती. मग ही फीत डब्यात कशी, हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण ती चूक माझीच. तरी मी खुर्ची ओढून बसले आणि पदरानं घाम पुसत राहिले.

कारण ही फीत इतकी वर्षं संघातल्या आग्नेसअक्कानं घातली होती, आणि आग्नेसअक्काबद्दल एक गोष्ट माझ्या मनाला आठवडाभर कुरतडत होती. तिची सून सरला हिचा धुळ्याहून फोन आला होता. "मावशी, अक्का सारखं तुमचंच नाव घेतात. म्हणतात, मी मेल्यावर मला आंघोळ तिनंच घालायची, तिच्याकडून कबूल करून घे. एकदा येऊन जा ना." मी येते म्हणाले. फोन ठेवता ठेवता मनात ठरवूनही टाकलं की जाईन ती नाही म्हणायलाच जाईन.

हे आंघोळीचं नीट सांगायला हवं. आमच्यातली कुणी बाई वारली की तिला शेवटची आंघोळ घरच्या बायकांनी घालायची नाही, संघातल्या बायांनी घालायची, अशी आमच्या पॅरिशची रीत होती. दुसरीकडे असते की नाही, मला माहीत नाही. आई म्हणायची, "घरच्या बाईचे हात रडतात. रडक्या हातांनी काम नीट होत नाही." मग निरोप आला की तिघी-चौघी हातातलं टाकून निघायच्या. एकीच्या पिशवीत साबण आणि खोबरेल, दुसरीच्या हातात धुतलेली पांढरी चादर, तिसरी डब्यातून फीत घेऊन येणारी. दारावर साडीचा पडदा लागायचा. आतून पाण्याचा आवाज यायचा आणि 'नमो मरिये' पुटपुटल्याचा. घरचे लोक बाहेर बसून तो आवाज ऐकायचे. पडदा सरकला की आतली बाई स्वच्छ, केस विंचरलेली, हातात जपमाळ गुंडाळलेली, लग्नाला निघाल्यासारखी दिसायची.

आम्ही होतो तरी किती? रेल्वेतली चार घरं, केरळच्या नर्सबाया, नगरकडून आलेली आमच्यासारखी, साक्री-नवापूरकडून कामाला आलेली आदिवासी कुटुंबं. एकीची भाषा दुसरीला धड समजायची नाही. पण बुधवार सगळ्यांना समजायचा. बुधवारी दवाखान्यात जायचं. ज्यांना भेटायला कुणी येत नाही अशा बायांच्या खाटा आमच्या. औषधपाणी करायला डॉक्टर होते, आमचं काम त्याच्या खालचं. आई नखं कापायची. एलिझाबेथबाई केस विंचरायच्या. आग्नेसअक्का आंघोळ घालायची.

एलिझाबेथबाई रेल्वेतल्या गार्डच्या विधवा. बारीक चणीच्या, पावडर लावून येणाऱ्या, पर्समध्ये रुमालात गुंडाळलेली लाकडी फणी. उवांची त्यांना किळस नव्हती. उलट एखादी मोठी सापडली की त्या शिकाऱ्यासारख्या खूश व्हायच्या आणि ती शेजारच्या खाटेवरच्या बाईला दाखवायच्या. फिनेलच्या वासात त्यांच्या पावडरीचा वास मिसळायचा. वेणी घालून झाली की पेशंटसमोर छोटा आरसा धरायच्या. आजारी बाई आरशात बघून हसली नाही असं मला आठवत नाही.

आग्नेसअक्का वेगळीच वस्तू. शिंदखेड्याकडची, उंच, हाडापेरानं दणकट, शाळेच्या बोर्डिंगात पोरींचा स्वयंपाक करणारी. बोलणं अहिराणी, आवाज शेताच्या बांधावरून हाक मारल्यासारखा. वॉर्डात शिरली की सिस्टर दचकायच्या. पण अंगावर पाणी घालताना तिचा आवाज एकदम उतरायचा. "आते हात लेस हां माय. आते पाठ." प्रत्येक गोष्ट आधी सांगून मग करायची. शुद्धीवर नसलेल्यांनाही सांगायची. आणि पडद्याआडच्यांनाही.

हलीमाबी नावाच्या एक म्हाताऱ्या बाई त्या वॉर्डात वर्षभर होत्या. बांगडीवाल्याची बायको, मागे कुणी उरलेलं नाही. अक्काची आणि त्यांची गट्टी. एका बुधवारी आम्ही पोचलो तर त्या पहाटेच गेल्या होत्या. अक्का बाही वर करून उभी राहिली खरी, पण मग तिनंच हात मागे घेतला. "आपला हात नही लागाले पाहिजे. त्यासन्या बाया येतीन." मोहल्ल्यातून तिघी आल्या. अक्कानं त्यांच्यासाठी पाणी तापवून दिलं आणि बाहेर पायरीवर बसून राहिली. काम झाल्यावर त्यांच्यातली एक वयस्कर बाई अक्काशेजारी येऊन बसली. "आप लोग भी करते?" मग त्या दोघी अर्धा तास बोलत होत्या. पाण्यात कापूर किती, बोरीची पानं किती, आधी उजवी बाजू का. पुढे आमच्यातल्या आंघोळींनाही अक्का पाण्यात बोरीची पानं टाकू लागली. एलिझाबेथबाईंनी नाक मुरडून विचारलं, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय? "पुस्तक मी कोठे वाचेल शे," अक्का म्हणाली, "पानी वास चांगला देस ना?"

सगळंच असं गंभीर नव्हतं. थंडीत चर्चचा सण आला की आधल्या दिवशी सगळ्या बाया पिशव्या घेऊन असोद्याला. तिथली हिरवी वांगी तळहातापेक्षा मोठी. बसमधून येताना मांडीवर वांगी, पायाशी वांगी, आणि कंडक्टर म्हणायचा, बाई, या वांग्यांचं अर्धं तिकीट काढू का. हॉलच्या मागे कपाशीच्या काड्या पेटवून त्यावर ती भाजायची. धूर डोळ्यांत जायचा. मिरच्या, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, आणि ठेचताना लाकडी भांड्याचा बद्द बद्द आवाज. शेकडो पुऱ्या. आई मिठावरून रोझबाईशी भांडायची, दरवर्षी तेच भांडण, आणि दरवर्षी मीठ बरोबर असायचं. संध्याकाळी सगळ्या बायांच्या अंगाला धुराचा वास, त्याच साड्यांनी जपमाळेला बसायच्या. अर्ध्या पेंगायच्या. मला आजही भरीत खाताना प्रार्थना केल्यासारखं वाटतं.

आता कुणी तसं करत नाही. आताच्या मुली वाईट आहेत असं म्हणायची माझी छाती नाही. त्या ग्रुपवर दोन मेसेज टाकतात आणि तासाभरात कुणाला रक्ताची बाटली मिळवून देतात, ते आम्हाला जन्मात जमलं नसतं. नोकऱ्या करतात, पाळ्या करतात, स्कूटरवरून येऊन म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेऊन सोडतात. पण पडद्याच्या आत त्या येत नाहीत. एकीनं मला स्पष्ट सांगितलं, "आंटी, मला झेपणार नाही, स्वप्नं पडतील." मला तिचा राग आला नाही. मलाही पडतात. फक्त मला कुणी विचारलं नव्हतं.

दवाखान्यात मी लहानपणापासून आईच्या मागे जायचे, पण संघात नाव एकवीस वर्षांची झाल्यावर घातलं. घातलं म्हणजे आईनंच घातलं. दोनच महिन्यांत एलिझाबेथबाई गेल्या. मे महिना, दुपारी दीडचा सुमार, लाईट गेलेले. रेल्वे क्वार्टरच्या त्या खोलीत पत्र्याची भट्टी झालेली. दफन साडेतीनला करायचं ठरलेलं, उशीर परवडणार नव्हता. मी पहिल्यांदाच पडद्याच्या आत आले होते. आई, अक्का आणि मी. माझ्याकडे काम एकच, हॉलमधून फीत आणायची आणि शेवटी गळ्यात बांधायची. मी उन्हातून धावत गेले, डब्यातून वरची फीत उचलली आणि धावत आले. नाव बघायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि भीतीनं मी विसरले असेन. मी एलिझाबेथबाईंच्या तोंडाकडे बघत नव्हते. डोळे मिटून गाठ मारली.

पुढच्या शनिवारी अक्कानं डबा उघडला. एकेक फीत उलटून बघितली, पुन्हा बघितली, तिचं स्वतःचं नाव कुठे सापडेना. "मनी कोठे गयी वं?" मग तिच्या हातात एलिझाबेथबाईंची आली. मला एका क्षणात कळलं आणि रडूच फुटलं. "अक्का, मी नाव बघितलंच नाही."

तिनं हातातली फीत पुन्हा एकदा उलटली. मग हसायला लागली, अशी की फादर वस्त्र अर्धवट घातलेले तसेच बाहेर डोकावले. "म्हणजे मी त गाडायी गयी! बरं जयं. आते माले कसाना धाक?" आणि तिनं एलिझाबेथबाईंची फीत गळ्यात घातली. आई म्हणाली, नवी करून घेऊ. फादरही म्हणाले, नवीन देतो. अक्कानं ऐकलं नाही. "तिनी फीत घाली, त तिनं कामबी मनंच."

तेव्हा आम्हाला ती गंमत वाटली. पण पुढच्या बुधवारी अक्का पिशवीतून फणी घेऊन आली. एलिझाबेथबाईंच्या भाचीकडून मागून आणली होती. आंघोळी घालून झाल्या की ती केस विंचरायला बसायची. तिच्या त्या राठ हातांना वेण्या जमायच्या नाहीत. पेशंट बाया कुरकुर करायच्या, वाकडा भांग म्हणून. ती भांग मोडून पुन्हा काढायची. दोघींची कामं तिनं एकटीनं वर्षानुवर्षं केली, आणि दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी तिच्या पाठीमागच्या बाकावर बसून मी ती फीत बघायची. तिनं मला एकदाही बोलून दाखवलं नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटलं.

आई गेली तेव्हा संघात काम करू शकणाऱ्या दोघीच उरल्या होत्या, अक्का आणि मी. मी तर मुलगी, रीतीप्रमाणे मला आत जाता येत नव्हतं. म्हणून अक्का एकटी पडद्याआड गेली. तेव्हा तिची सत्तरी जवळ आली होती. मी बाहेर भिंतीला टेकून बसले आणि आतून ऐकत राहिले. "आते हात लेस हां. तुनी पोर बाहेर बठेल शे, तिले मी सांभाळसू." आईला उचलून कुशीवर वळवताना अक्काच्या तोंडून निघालेला तो हुंकार मला अजून ऐकू येतो. तेवढ्यापुरती रीत मोडावी आणि आत जाऊन हात लावावा असं मला वाटलं. मी गेले नाही.

नंतर अक्काचे पाय गेले आणि तिचा मुलगा तिला धुळ्याला घेऊन गेला. तो नरडाण्याला कंपनीत आहे, माणूस चांगला. जाताना फीत तिनं डब्यातच ठेवली. "मरसू तैं लई येजो," म्हणाली, मी मरेन तेव्हा घेऊन ये म्हणून. तेव्हापासून पडद्याच्या आत मी. कधी संघात नंतर आलेली मार्था बरोबर असे, कधी सुट्टी मिळाली तर एखादी नर्स. मग ते करोनाचं वर्ष आलं. आमच्या तिघी गेल्या, आणि तिघींनाही कुणाचा हात लागला नाही. मी तिघींच्या फिती पेटीवर ठेवायला आतल्या माणसांच्या हाती दिल्या आणि स्मशानभूमीच्या फाटकाबाहेर तोंडाला फडकं बांधून उभी राहिले. अक्काचा धुळ्याहून फोन यायचा. "कोन्ही पानीबी नही घालं का वं?" नाही घातलं, मी सांगायची. ती फोन ठेवायची नाही, नुसती श्वास घेत राहायची.

त्यानंतर मी पुन्हा उभीच राहिले नाही, असं म्हटलं तरी चालेल. आंघोळी घातल्या, नाही असं नाही. पण हातातलं काहीतरी गेलं. घरी आल्यावर दोन-दोन दिवस जेवण जात नाही. पाठ धरते. आणि खरं सांगायचं तर कंटाळा येतो. मेलेल्या माणसाचा कंटाळा येतो हे कुणाला सांगायचं? कबुलीजबाबात फादरांना सांगितलं, तर ते म्हणाले, विश्रांती घ्या आंटी. मला वाटलं होतं, ते काहीतरी मोठी प्रार्थना सांगतील.

फीत पिशवीत टाकली आणि गुरुवारी सकाळच्या एसटीनं धुळ्याला निघाले. एरंडोल, पारोळा, दोन्हीकडे कापसाची उघडी पडलेली शेतं. खिडकीतून गरम झोत. सगळ्या वाटेनं मी एकच वाक्य घोळवत होते. अक्का, रागवू नकोस, पण माझ्याच्यानं होणार नाही. कधी ते फार कोरडं वाटे, कधी फार रडकं.

सरलानं दार उघडलं. खिडकीजवळच्या खाटेवर अक्का. इतकी लहान झालेली की मी आधी उशीच बघितली. पण आवाज तोच. "उनी का वं? बस. पयले चहा पी."

चहा झाला. मी पिशवीतून फीत काढून तिच्या हातात दिली. तिनं ती डोळ्यांजवळ नेली, नाव बोटानं चाचपलं आणि हसली. "हाई तिनी तिले देणं पडी. वर गयावर पयले फिती बदलसूत." मग फीत उशाशी ठेवून म्हणाली, "सरलानी सांगं व्हई तुले. मनं काम."

आता बोलायलाच हवं होतं. बसमध्ये घोळवलेलं वाक्य काही आलं नाही. "अक्का, मी थकले गं," एवढंच आलं. मग बाकीचं आपोआप आलं. हात चालत नाहीत. मन लागत नाही. तुझ्यासमोर पडद्याआड उभी राहिले तर मी तुला नीट वळवूसुद्धा शकणार नाही. तुझं ऋण आहे माझ्यावर, आईचंही आहे, फितीचंही आहे, पण माझ्याच्यानं नाही होणार. सरला दारात उभी होती, ती आत स्वयंपाकघरात निघून गेली.

मी मान खाली घातली होती. मला वाटलं, आता ही म्हणेल, बरं, जा. त्याची मी तयारी करून आले होते.

"मीबी थकेल व्हती," ती म्हणाली. "एलिझाबेथ गयी तैंपासून. कोन्हले सांगं नही."

मी वर बघितलं. चाळीस वर्षं मी जिच्या ताकदीपुढे स्वतःची लाज बाळगत आले ती हे बोलत होती.

"मंग मरावर नको घालू," अक्का म्हणाली. "आज घाल. सहा महिना जयात, ओलं फडकंच फिरस अंगवर. पानी कसं लागस ते भुली गई. मरी गयावर माले काय समजी?"

सरला बाहेर आली. तिचं बरोबरच होतं. "मावशी, त्या पडल्या तर? डॉक्टरांनी पुसूनच घ्या म्हणून सांगितलंय. आणि आमच्याच्यानं उचलणं होत नाही." मी म्हटलं, दोघी आहोत. प्लॅस्टिकची खुर्ची मोरीत ठेवू. सरला पदर खोचून खुर्ची आणायला गेली.

दोघींनी मिळून तिला नेलं. वजन असं नव्हतंच. खुर्चीवर बसवली, मागून सरलानं खांदे धरले. मी पाण्यात हात घालून बघितला, पहिला तांब्या पायांवर घातला. अक्काच्या तोंडून बारीक आवाज निघाला. मी थांबले. "थांबनी कसाले?" ती म्हणाली.

साबण लावायला मी तिचा उजवा हात धरला आणि नेहमीच्या सवयीनं जोर लावून उचलला. तो एकदम हलका वर आला. तिनं स्वतःच उचलला होता. मी इतकी दचकले की साबण हातातून निसटला. इतक्या वर्षांत मी धरलेला एकही हात असा आपणहून वर आला नव्हता. मग दुसरा हात. मग मान, जी तिनं स्वतः पुढे केली. केसांना साबण लावला तसे तिनं डोळे घट्ट मिटले आणि तोंड वाकडं केलं, लहान मुलं करतात तसं. "डोळामा गयं ना!" मला सांगताही येणार नाही किती बरं वाटलं तिची ती तक्रार ऐकून. मी रडत होते. माझं तोंड, तिचं तोंड, सगळंच ओलं होतं, त्यामुळे कुणाला कळायचा प्रश्न नव्हता.

माझी साडी गुडघ्यापर्यंत भिजली. पाठ ठणकायला लागली. तीनची बस गेलीच होती, आता चारचीही जाणार असं दिसत होतं. बादलीतलं शेवटचं पाणी तिच्या खांद्यावरून सोडलं आणि टॉवेलकडे हात केला.

"आखो घाल," डोळे न उघडता अक्का म्हणाली.

"अक्का, सर्दी होईल हो," सरला म्हणाली.

"होऊ दे. आखो घाल."

पडद्याआडच्या बायांना किती पाणी घालायचं ते आजवर मीच ठरवत आले होते. कुणी जास्त मागितलं नव्हतं. मी बादली नळाखाली सरकवली आणि चावी पूर्ण सोडली.

"घालते अक्का," मी म्हणाले. "तुला पाहिजे तेवढं घालते."